शहरातल्या फ्लॅटमध्ये राहून पर्यावरणपूरक जगण्यासाठी कोणत्या साध्या सवयी लावता येतील?

नोकरी, मुलांच्या शाळा आणि लहानसा फ्लॅट सांभाळून रोज पाळता येतील अशा सवयी तुम्ही विचारल्या आहेत. मी पुण्यात अशाच एका गृहसंकुलात राहतो, त्यामुळे उत्तर त्या अनुभवाच्या आधाराने देतो. आधी एक विनंती आहे. सुरुवात खरेदीने करू नका. बांबूचा ब्रश, पेय पिण्याची स्टीलची नळी, छापील संदेश असलेली नवी कापडी पिशवी या वस्तू वाईट नाहीत. पण कापूस पिकवायला, सूत काढायला आणि कापड रंगवायलाही भरपूर पाणी आणि ऊर्जा लागते, म्हणून कापडी पिशवीचा उपयोग ती वर्षानुवर्षे वापरली तरच होतो. जुन्या साडीच्या किंवा चादरीच्या चार पिशव्या शिवून घ्या आणि त्यातली एक कायम गाडीच्या डिकीत ठेवा. तेवढे पुरेसे आहे.

माझ्या मते सर्वांत पहिली सवय ओला कचरा घरातच जिरवण्याची असावी. भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा हे सारे कचऱ्याच्या डोंगराखाली दबले की त्याला हवा मिळत नाही. ते हवेविना कुजते आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. मुंबईत देवनारच्या कचराभूमीला २०१६ च्या जानेवारीत लागलेली आग आणि तिचा शहरभर पसरलेला धूर अनेकांना आठवत असेल. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या शिवारात टाकला गेला, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या विहिरींचे पाणी खराब झाले आणि तिथल्या लोकांना त्यासाठी पुन्हा पुन्हा आंदोलने करावी लागली. आपल्या स्वयंपाकघरातली टोपली कोणाच्या तरी दारात रिकामी होत असते, हे मला विसरता येत नाही.

खत करण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. वीस लिटरच्या दोन जुन्या बादल्या घ्या आणि त्यांच्या तळाला व कडांना भोके पाडा. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेल्या पानांचा जाड थर द्या. त्यावर रोजचा कचरा बारीक चिरून टाका आणि प्रत्येक वेळी तो मूठ-दोन मुठी वाळक्या पानांनी झाका. पहिल्यांदा थोडे जुने खत किंवा आंबट ताक शिंपडले तर कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते. दोन-तीन दिवसांनी काठीने वर-खाली करा. बहुतेक लोक दुर्गंधीच्या भीतीने हे काम टाळतात, पण दुर्गंधी येते ती ओलावा जास्त आणि हवा कमी झाली तर. मिश्रण मुठीत दाबल्यावर पाणी गळत असेल तर वाळकी पाने वाढवावीत. वास एक-दोन दिवसांत कमी होतो. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ते काम नीट चालल्याचे लक्षण आहे. तेलकट आणि खारट शिळे अन्न मात्र शक्यतो टाकू नये. पहिली बादली भरली की ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करावी. साधारण दोन महिन्यांत पहिलीतले खत काळसर, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे होते. यासाठी लागणारी वाळकी पाने आपल्याच आवारात रोज झाडली जातात आणि पुष्कळ ठिकाणी चक्क जाळली जातात. ती पोत्यात भरून ठेवण्याविषयी सोसायटीच्या बैठकीत जरूर बोला, कारण पानांचा धूर दम्याच्या रुग्णांसाठी फार त्रासदायक असतो.

ओला कचरा वेगळा झाला की सुका कचरा आपोआप स्वच्छ राहतो, आणि त्याचा थेट लाभ तो हाताने निवडणाऱ्या माणसांना होतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला दारोदार येतात आणि सुका माल विकून आलेले पैसे त्यांना मिळतात. खरकट्याने भिजलेल्या कागदाला कोणी भाव देत नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो पिशवीला लटकता राहू द्या, कारण तेवढासा तुकडा वेगळा झाला की कोणाच्याच हाती लागत नाही आणि गटारात जातो. मग पिशवी विसळून वाळवा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते पुडके कोणी उघडून पाहत नाही.

विजेच्या बाबतीत आपले लक्ष बहुधा दिव्यांकडे जाते, पण खरा खर्च पाणी तापवण्यात आणि हवा थंड करण्यात असतो. १५ लिटर पाण्याचे तापमान ३० अंशांनी वाढवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा दोन दिवसांहून अधिक काळ अखंड जळतो. आपली बरीचशी वीज आजही चंद्रपूर, कोराडी यांसारख्या औष्णिक केंद्रांत कोळसा जाळून तयार होते. म्हणून शॉवरऐवजी बादलीने अंघोळ करणे, गीझर आंघोळीच्या थोडाच वेळ आधी लावणे आणि गच्चीवर जागा असल्यास सोसायटीने सौर बंब बसवणे या गोष्टी मला दिवा मालवण्यापेक्षा अधिक मोलाच्या वाटतात. पुणे महापालिका अशा सौर बंबासाठी, गांडूळखतासाठी आणि पर्जन्यजल संधारणासाठी मिळकतकरात सवलतही देते. वातानुकूलन यंत्र २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावला तर पुरेसा गारवा मिळतो. तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. घरातला जो पंखा सर्वाधिक तास फिरतो, तो बदलण्याची वेळ आली की बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा पंखा घ्यावा. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, तर हा साधारण ३० वॅट.

प्रवासाबद्दल थोडेच सांगतो: एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यामुळे दूध, भाजी आणि औषधे आणायला पायी जाण्याचा नियम घरातल्या सर्वांनी पाळावा.

शेवटी पाण्याच्या शुद्धीकरण यंत्राविषयी, कारण ही उधळपट्टी रोज होते आणि डोळ्यांना दिसत नाही. घरगुती आरओ यंत्र, म्हणजे दाबाने सूक्ष्म पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणारे यंत्र, एक लिटर पिण्याचे पाणी देताना साधारण तीन लिटर पाणी सोडून देते. प्रतिलिटर विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओची गरज नाही, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये अशा ठिकाणी त्याच्या वापरावर बंदी आणण्यास सांगितले होते. पुण्याला येणारे खडकवासला साखळीतल्या धरणांचे किंवा मुंबईला येणारे भातसा-वैतरणेचे पाणी मुळातच कमी क्षारांचे असते. त्यासाठी साधा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) किंवा यूएफ (बारीक पडद्यातून गाळणारा) संच पुरतो. कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी येत असेल तर क्षार मोजून पाहा. त्याचे मापक यंत्र फार महाग नसते. आरओ खरोखरच लागत असेल तर बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला आणि शौचालयात ओतायला वापरा. कुंड्यांना मात्र ते रोज घालू नका, मातीत क्षार साठत जातात.