कोल्हापूरच्या खेळाडूच्या घरच्यांनीच त्याच्या बक्षिसाच्या पैशातून गरीब मुलांसाठी ट्रस्ट काढला तर चालतो का?

हो, चालतो, सगळे विश्वस्त एकाच घरातले नसावेत अशी अट कायद्यात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली कोल्हापूरच्या धर्मादाय कार्यालयात नोंदणी करा. मी अशा ट्रस्टांचे हिशेब लिहितो, म्हणून कळकळीने सांगतो: बक्षिसाची रक्कम घरखर्चात मिसळू नका, ट्रस्टचं खातं वेगळंच हवं. तालमीतल्या पोराचा खुराक असो, दूध, तूप, बदाम, नाहीतर शाळेची फी, प्रत्येक पावतीवर कोणासाठी ते लिहून ठेवा. मात्र हाच पैसा स्वतःच्या मुलाबाळांवर खर्च केलात तर आयकरातली सूट जाऊ शकते, पोरगं कितीही गुणी असो. बाहेरचा एखादा वस्ताद किंवा शिक्षक विश्वस्त म्हणून घेतलात तर फारच उत्तम. खरी गरज कुठल्या घरात आहे हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.