भाकरी आहे, भाजी कुठे?

प्रश्न : वडिलांना टाइप २ मधुमेह आहे. ज्वारीचीच भाकरी खातात, रोज कारल्याचा रसही घेतात. तरी जेवणानंतरची साखर चढतेच. कोणत्या भाज्या द्याव्यात? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ज्वारी चांगली, पण भाकरी मोजूनच. ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण ३५ ग्रॅम कर्बोदके असतात. तीन भाकऱ्या आणि चमचाभर भाजी असं ताट असेल तर साखर चढणारच! निम्मं ताट भाजीचं हवं: गवार, दोडका, भेंडी, मेथी, चुका, दुधी. बटाटा, रताळं भाजीत धरू नका. ते खाल्लं तर भाकरी तेवढी कमी.

अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या घालतो ना, तिथेच गफलत होते; कण्या म्हणजेही धान्यच. मूठभर कण्यांऐवजी तेवढीच तूरडाळ शिजवून घाला. शेंगदाण्याच्या कुटाने साखर फारशी वाढत नाही, वजन वाढतं. माणशी दोन चहाचे चमचे पुरे.

कारल्याचा रस गाळताना चोथा, म्हणजे तंतू, फेकला जातो. शिवाय साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रसाने साखर एकदम उतरू शकते. त्यापेक्षा कारल्याची भाजी करा, गूळ न घालता. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पालेभाज्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.