संत्र्याच्या केकला कोणतं दूध?

प्रश्न : ताई, नातवाला गायी-म्हशीच्या दुधाची ॲलर्जी आहे. वाढदिवसाला संत्र्याचा बिनअंड्याचा केक करायचाय. दुधाऐवजी काय घालू?
– एक आजी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आजी, सोयाही काही मुलांना सोसत नाही, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. चालत असेल तर बिनसाखरेचं सोया दूधच घ्या. त्यात प्रथिनं जवळजवळ गायीच्या दुधाइतकी असतात, केक नीट धरतो. कपभर दुधात चमचाभर लिंबाचा रस घालून 10 मिनिटं ठेवा. फाटेल, फाटू द्या. त्या आंबटपणानेच खायचा सोडा फुलतो. बदामाचं दूध फार पातळ, केकला मी घेत नाही. लोण्याऐवजी तेल. आणि संत्र्याची साल वरवर केशरी तेवढीच किसा, पांढरा भाग कडू लागतो.