जलसमाधी मिळाली, की बूड टेकलं?

प्रश्न असा होता: ‘पर्ल हार्बरच्या हल्ल्यात आठ युद्धनौकांना जलसमाधी मिळाली’ हे वाक्य कसं वाटतं? की साधं ‘बुडाल्या’ म्हणावं?

आधी आकडा. ७ डिसेंबर १९४१ ला जपानी हल्ल्यात तिथल्या आठही अमेरिकन बॅटलशिपना मार बसला, पण बुडाल्या चार: ॲरिझोना, ओक्लाहोमा, वेस्ट व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्निया. नेवाडा बुडू नये म्हणून मुद्दाम उथळ पाण्यात नेऊन रुतवली. (बॅटलशिप, म्हणजे मोठ्या तोफांचं जाड चिलखती जहाज, हाच शब्द ठेवतोय. ‘युद्धनौका’ म्हटलं की त्यात विनाशिकाही आली नि पाणसुरुंग काढणारी बोटही आली.)

आता ‘जलसमाधी’. समाधी माणूस घेतो, आपणहून. ज्ञानेश्वरांनी घेतली तशी. संन्याशाचा देह नदीत सोडतात तेव्हा ‘जलसमाधी दिली’ म्हणतात, तेही आदराने. नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटीवर सकाळी आठला टॉर्पेडो येऊन आदळला, यात घेणंही नाही नि देणंही नाही. बातम्यांना ‘बुडाली’ बोडकं वाटतं, म्हणून हा शब्द आला आणि मग सगळ्यांच्या तोंडी बसला.

‘घेतली’ म्हणायचंच तर ते स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो या नैसर्गिक बंदराला शोभेल. पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीनंतर जर्मन आरमाराची ७४ जहाजं तिथे ब्रिटिशांच्या नजरकैदेत होती. २१ जून १९१९ ला ॲडमिरल फॉन रॉयटर यांचा इशारा मिळताच खलाशांनी तळाकडच्या झडपा उघडून पाणी आत घेतलं, आणि ५२ जहाजं तळाला गेली. २७ नोव्हेंबर १९४२ ला तुलाँ बंदरात फ्रेंचांनी तेच केलं. आरमार जर्मनांच्या हाती पडू दिलं नाही. या कृतीला मराठीत सुटसुटीत शब्द नाही. ‘स्वतःच बुडवली’ एवढं पुरतं.

पण मला जास्त खटकतं ते साधं ‘बुडणे’. मराठीत पैसे बुडतात, बँक बुडते, कर्ज बुडीत खात्यात जातं. बुडालं ते गेलं, परत यायचं नाही. खोल समुद्रात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. बंदरात त्यांची फारकत होते. पर्ल हार्बरमध्ये पाणी जेमतेम बारा मीटर. भरलेल्या बॅटलशिपचं बूड मुळातच नऊ-दहा मीटर पाण्याखाली असतं, म्हणजे खाली जायला जागा उरली दोन-तीन मीटर! वेस्ट व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्निया सरळ उभ्याच्या उभ्या गाळात बसल्या. पुढे त्या वर काढल्या, दुरुस्त केल्या, आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्समधल्या सुरिगाव सामुद्रधुनीत दोघी लढल्या. याला मी ‘बूड टेकलं’ म्हणेन. छापायचं असेल तर ‘तळाला टेकल्या’.

अलेक्झांड्रियात तर गंमतच. १९ डिसेंबर १९४१ ला चार इटालियन पाणबुड्यांनी (माणसं बरं का, बोटी नव्हेत) क्वीन एलिझाबेथ आणि व्हॅलियंट या ब्रिटिश बॅटलशिपखाली स्फोटकं लावली. दोन्ही जहाजं तळाला टेकली, पण डेक पाण्याच्या वरच राहिले. ब्रिटिशांनी डेकवरचा राबता नेहमीसारखा चालू ठेवला, म्हणजे वरून टेहळणी करणाऱ्या विमानाला काही झालंय असं वाटूच नये. ही जहाजं ‘बुडाली’ असं लिहिलं तर वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहतं.

ओक्लाहोमाला वेगळं क्रियापद हवं. ती ‘कलंडली’ म्हणणं फार सौम्य झालं. ती पालथी झाली. वर आलेला तिचा तळ कापून आत अडकलेल्या ३२ जणांना बाहेर काढलं, ४२९ गेले. पुढे तिला सरळ करून तरंगवलंही, पण १९४७ मध्ये भंगारात काढायला ओढून नेताना ती पॅसिफिकमध्ये गेली. तिथे ‘बुडाली’ बिनदिक्कत लिहा.

राहता राहिली ॲरिझोना. ११७७ माणसं गेली, त्यातली नऊशेहून जास्त आजही आतच आहेत. जहाज जागेवरच आहे, वर स्मारक आहे, आणि त्या दिवशी वाचलेल्यांपैकी काहींच्या अस्थी त्यांच्या इच्छेनुसार पुढे त्याच सांगाड्यात ठेवल्या. रायगडावर आपण जिला समाधी म्हणतो, त्या अर्थाने ही जागा पाण्यातली समाधीच आहे. ‘जलसमाधी मिळाली’वरची माझी हरकत या एका जहाजापुरती मी मागे घेतो.