एकाच सामन्याची नोंद

प्रिय मित्रा,

राज्य संघाकडून पहिला सामना खेळलास, पण फलंदाजी मिळण्याआधीच तो संपला आणि पुढच्या सामन्यासाठी तुला वगळले, हे वाचून वाईट वाटले. आता वैद्यकीय शिक्षण सोडून पूर्ण वेळ खेळावे का, असे तू विचारतोस. माझे मत सांगण्याआधी आर्चिबाल्ड ग्रॅहम या अमेरिकी बेसबॉलपटूविषयी लिहितो. ‘मूनलाइट’ या टोपणनावाने त्यांना ओळखत असत.

29 जून 1905 रोजी ब्रुकलिनमध्ये त्यांच्या न्यूयॉर्क जायंट्स या संघाचा सामना होता. जायंट्सचा विजय जवळजवळ निश्चित झाला असताना, आठव्या डावात (बेसबॉलच्या सामन्यात असे नऊ छोटे डाव असतात), व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनी जॉर्ज ब्राउन यांच्या जागी ग्रॅहम यांना मैदानाच्या उजव्या टोकाला क्षेत्ररक्षणासाठी पाठवले. नवव्या डावात पुढचे फलंदाज म्हणून ते तयार उभे होते, तेवढ्यात क्लॉड एलियट झेलबाद झाले आणि संघाची फलंदाजी संपली. जायंट्स 11-1 असे जिंकले, पुढे त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज ही अजिंक्यपदाची मालिकाही जिंकले. ग्रॅहम यांच्या नावावर मात्र एक झेल नाही की फलंदाजीची एक पाळी नाही, आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, ते पुन्हा कधीही खेळले नाहीत.

ही गोष्ट बहुतेक जण शोकांतिका म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. त्यांना दुःख झालेच असेल, पण त्या दिवसानंतर त्यांनी खेळ सोडला नाही. ते 1908 पर्यंत कनिष्ठ लीगमध्ये खेळत राहिले आणि 1906 मध्ये स्क्रँटनच्या संघाकडून त्यांनी .336 च्या सरासरीने, म्हणजे साधारण दर तीन प्रयत्नांत एक यशस्वी फटका मारत, फलंदाजी केली; बेसबॉलमध्ये ही उत्तम सरासरी मानतात. खेळाच्या याच वर्षांत त्यांनी मेरिलँड विद्यापीठाची वैद्यकीय पदवीही मिळवली होती. म्हणून बेसबॉल थांबला तेव्हा त्यांच्या हाताशी दुसरे काम तयार होते, आणि तेही त्यांनी मनापासून केले. मिनेसोटातील चिशम या लोहखनिजाच्या खाणींच्या गावी ते स्थायिक झाले, सुमारे चार दशके तिथल्या शाळांचे डॉक्टर राहिले, आणि 5 ते 16 वर्षे वयाच्या मुलांच्या रक्तदाबावरील त्यांचा सहलेखकांसह लिहिलेला अभ्यास 1945 मध्ये प्रसिद्ध झाला. (त्यांचे धाकटे बंधू फ्रँक ग्रॅहम म्हणजे 1951 पासून काश्मीर प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी म्हणून मध्यस्थी करणारे गृहस्थ.)

तेव्हा महाविद्यालय सोडू नकोस आणि खेळही सोडू नकोस. निवड समितीने एकदा वगळले म्हणजे तुझ्या क्षमतेचा निकाल लागला असे नाही. क्लब आणि जिल्ह्याचे सामने मिळतील तितके खेळ, कारण धावा तिथेच साठतात आणि निवडकर्त्यांपुढे त्याच ठेवता येतात. मात्र परीक्षा आणि सामना एकाच दिवशी आले, तर या वर्षी परीक्षा दे, कारण हुकलेला एक सामना हंगामात भरून काढता येतो, पण परीक्षा हुकली तर पुढच्या हंगामाचे महिनेही तिच्यातच जातात. परीक्षेचे वेळापत्रक आणि निवड चाचणीची तारीख कळव, म्हणजे सरावाच्या वेळा आपण मिळून ठरवू.

तुझा,
मार्गदर्शक