‘प्रॅक्सिस’ला ‘आचरण’ म्हणावं का?

मुक्तीचं धर्मशास्त्र म्हणजे गरिबांची अन्यायातून सुटका श्रद्धेच्या केंद्रस्थानी ठेवणारा लॅटिन अमेरिकेतला ख्रिस्ती विचार. त्यावरचा लेख मराठीत आणताना ‘प्रॅक्सिस’साठी, म्हणजे कृती आणि तिच्यावरचं चिंतन यांच्या सततच्या फेऱ्यासाठी, ‘आचरण’ चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते नाही. आचरण एकट्याचं असतं आणि त्यातला नियम आधीच ठरलेला असतो. तो पाळायचा की मोडायचा, एवढंच आपल्या हाती. ‘अंमलबजावणी’चंही तेच. प्रॅक्सिसमध्ये मात्र काम करून परतलेली माणसं मूळ विचारच पुन्हा तपासतात, बदलतात.

शब्द ग्रीक आहे, मूळ अर्थ ‘कृती’. ॲरिस्टॉटलने तो ‘थिओरिया’पासून, म्हणजे निव्वळ चिंतनापासून, वेगळा ठेवला होता. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी दोन्ही पुन्हा एकत्र बांधले. कृती नसेल तर चिंतन म्हणजे पोकळ बडबड आणि चिंतन नसेल तर कृती म्हणजे नुसती धावपळ, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या साक्षरता मंडळांत ‘वीट’ हा शब्द गिरवण्याआधी विटेचं चित्र समोर ठेवून बोलणं व्हायचं: वीट कोण भाजतं, घर कुणाचं उभं राहतं? अक्षरं त्यानंतर. 1964 च्या लष्करी उठावानंतर त्यांना तुरुंगात टाकलं गेलं, मग देश सोडावा लागला.

श्रद्धेचा धागा पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी जोडला. 1971 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी धर्मशास्त्राला दुसरी पायरी म्हटलं. आधी गरिबांच्या सोबतीने केलेली कृती, मग तिच्यावर श्रद्धेच्या उजेडात चिंतन. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. लहान ख्रिस्ती गटांत लोक बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातला इजिप्तमधल्या गुलामांच्या सुटकेचा भाग वाचत, जमिनीचा किंवा मजुरीचा प्रश्न त्याच्या शेजारी ठेवत, काय करायचं ते ठरवत आणि करून झाल्यावर पुन्हा त्याच वाचनाकडे येत. मालकासमोर उभं राहून आलेल्या मजुराला फारो, म्हणजे त्या गोष्टीतला गुलामांना राबवणारा राजा, दुसऱ्या वाचनात वेगळा कळतो. ‘आचरण’ म्हटलं की नेमकं हे परत येणं हरवतं.

म्हणून मी ‘कृतिचिंतन’ सुचवेन. ‘कृतिसंशोधन’ (आपल्याच कामातला प्रश्न घेऊन केलेलं संशोधन) शिक्षकांच्या तोंडी रुळलेलंच आहे, त्यामुळे समास परका वाटणार नाही, शिवाय कृती आधी येते. पहिल्या उल्लेखात ‘प्रॅक्सिस’ देऊन अर्थ एका वाक्यात उलगडावा. मजकूर मार्क्सवादी असेल तर ‘सिद्धांत आणि व्यवहार’ ही जुनी जोडी तशीच ठेवा. तिथे वाचकाला ती ओळखीची आहे. धर्मशास्त्राच्या लेखात मात्र ‘व्यवहार’ टाळा, कारण तिथे तो देवाणघेवाणीकडे घसरतो.