कायदा नव्हे, दवंडी

एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: 'ग्रीक नाटककार सॉफोक्लीसच्या "अँटिगनी"वर निबंध लिहायचा आहे. तिने राजाचा "कायदा मोडला" म्हणावं की "आदेश मोडला"? आणि ती ज्या "दिके" या देवतेचं नाव घेते तिला मराठीत "न्याय" म्हटलेलं चालेल का?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देतो: आदेश. 'कायदा मोडणारी अँटिगनी' हे शब्द व्याख्यानांत आणि प्रस्तावनांत इतक्यांदा कानी पडतात की आता चीड येते. तिने कायदा मोडला, हे म्हणणं राजा क्रेऑनचं आहे. तेच आपण उचललं की खटला उभा राहायच्या आधीच निकाल लागला.

गोष्ट थोडक्यात. ग्रीसमधल्या थीब्ज शहराच्या गादीसाठी लढताना दोन भाऊ एकमेकांच्या हातून मरतात. सत्ता त्यांच्या मामाकडे, क्रेऑनकडे येते. तो एका भाच्याला इतमामाने पुरतो आणि शहरावर चालून आलेल्या पॉलिनीकेसचं प्रेत कुत्र्या-गिधाडांपुढे टाकायला लावतो. बहीण अँटिगनी त्या प्रेतावर माती घालते आणि पकडली जाते. नाटक इ.स.पू. ४४२ च्या सुमाराचं आहे.

आता ४४७ वी ओळ बघा. क्रेऑन विचारतो, 'असं करायचं नाही अशी दवंडी पिटली होती, ठाऊक होतं तुला?' मूळ शब्द 'केरुख्थेन्ता', दवंडीने जाहीर झालेलं. ती म्हणते, 'होतं. का नसेल? जगजाहीर होतं.' लगेच त्याचा पुढचा प्रश्न: 'आणि तरी हे कायदे ओलांडायला धजलीस?' इथे शब्द आला 'नोमूस', कायदे. मध्ये फक्त एक ओळ, आणि तेवढ्यात दवंडीचा कायदा झाला! अँटिगनी ही हातचलाखी तिथल्या तिथे पकडते. तिचं उत्तर सुरूच होतं ते 'ही दवंडी मला काही झ्यूसने पिटवली नव्हती' असं, आणि पुढे ती 'तुझी केरुग्माता', तुझ्या दवंड्या, असं रोखठोक म्हणते. देवांच्या अलिखित, अढळ रीतींना मागे सारण्याइतकं बळ त्या दवंड्यांत आहे असं आपल्याला वाटलं नाही, हे तिचं म्हणणं. आठव्या ओळीतही, बहीण इस्मीनीशी बोलताना, तिने हेच केलं आहे. 'सेनापतीने' गावभर दवंडी दिली म्हणे, असं ती सांगते. मामाला ती राजासुद्धा म्हणत नाही.

अथेन्समध्ये हा फरक पुढे व्यवहारात किती गंभीरपणे घेतला गेला तेही पाहा. इ.स.पू. ४०३ मध्ये लोकशाही परत आली तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की सभेचा वा मंडळाचा कोणताही ठराव कायद्याच्या वरचढ असणार नाही. म्हणजे आख्ख्या गावाचा ठरावसुद्धा कायद्याखाली. मग एका मामाची दवंडी कायदा कशी होईल?

'केरुग्मा' या शब्दावर थोडं थांबतो, कारण तो मला फार आवडतो. तो आला 'केरुक्स'वरून, म्हणजे मोठ्याने पुकारणारा, राजाचा भालदार. याचा संबंध ऋग्वेदातल्या 'कारु' या शब्दाशी लावतात. कारु म्हणजे स्तोत्रं गाणारा. नवव्या मंडलात एक ऋषी घरची ओळख करून देतो, 'कारुरहं ततो भिषगुपलप्रक्षिणी नना': मी गायक, बाप वैद्य, आई जात्यापाशी. याच धातूच्या कुळात 'कीर्ति' धरतात आणि तिच्याच मागे आपलं 'कीर्तन' येतं. म्हणजे क्रेऑनची दवंडी आणि देवळातलं कीर्तन हे लांबचे भाऊबंद. भाषाशास्त्रज्ञ बेकेस यांच्या २०१० च्या ग्रीक व्युत्पत्तिकोशाला हे मान्य नाही. त्यांच्या मते शब्दाचा शेवट ग्रीकांच्या आधीच्या कुठल्यातरी भाषेतला. पण बेकेस यांना ही ग्रीकपूर्व भाषा कोशाच्या दर दुसऱ्या पानावर दिसते. प्रत्यय परका असला म्हणून धातूही परका, हे मला मुळीच पटत नाही. आपल्याकडे फारशी '-दार' लावून 'भालदार' झाला, म्हणून भाला फारशी झाला का?

आता दिके. खरा आनंद इथे आहे.

'दिके'चा धातू तोच, जो संस्कृतात 'दिश्' आहे: दाखवणे, बोट करणे. त्यातून आपल्याकडे दिशा, देश, उपदेश, निर्देश आणि आदेश! मामाचा 'आदेश' आणि भाचीची 'दिके' एकाच धातूच्या पोटची. एक वरून बोट दाखवून सांगतो 'असं करा'. दुसरी दाखवते ती वाट, जिने माणसं जातच आली आहेत. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात नायक ओडिसियस पाताळात मेलेल्या आईला मिठी मारायला जातो आणि हात रिकामे राहतात. ती म्हणते, 'मेल्यावर माणसांची हीच दिके.' इथे न्याय नाही, खटला नाही. 'हीच रीत, बाळा', एवढंच ती म्हणते. भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त दिकेचा मूळ अर्थ न्यायाधीशाच्या तोंडच्या ठरीव वचनात शोधतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण या आईला न्यायासनावर बसवायला मी तयार नाही.

याच 'रीत' अर्थातून ग्रीकमध्ये एक लकब झाली: 'अमक्याच्या दिकेने' म्हणजे अमक्यासारखं. एस्किलस या ग्रीक नाटककाराच्या 'अगामेम्नॉन'मध्ये राजवाड्याच्या छपरावर वर्षभर पहारा देणारा रखवालदार तिसऱ्याच ओळीत सांगतो की तो कोपरांवर पडून असतो, 'कुनोस दिकेन', कुत्र्याच्या रीतीने. (कुनोस म्हणजे संस्कृत 'शुनः', कुत्र्याचा.) आता मराठी आठवा: काकतालीय न्यायाने, देहलीदीप न्यायाने, 'बळी तो कान पिळी' या न्यायाने. हुबेहूब तीच लकब! कान पिळण्यात कसला आलाय न्याय? पण 'न्याय' इथे रीत या जुन्या अर्थाने उभा आहे आणि आपण तो रोज वापरतो. न्याय म्हणजे 'नेणारा', 'नी' धातूवरून, असं सांगणाऱ्यांनी पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायातलं 'परिन्योर्नीणोर्द्यूताभ्रेषयोः' हे सूत्र बघावं. त्यात 'न्याय' हा 'नि' आणि 'इ' (जाणे) यांवरून साधला आहे, 'अभ्रेष' या अर्थी, म्हणजे जसं व्हायला हवं त्यापासून न ढळणं. म्हणून दिकेला 'न्याय' म्हणा, खुशाल म्हणा. फक्त कोर्टातला न्याय तेवढा डोक्यात ठेवू नका.

आणि ही लकब निरुपद्रवी नाही. त्याच 'अगामेम्नॉन' नाटकात उलटा वारा थांबावा म्हणून राजा अगामेम्नॉन पोटच्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी देतो. सेवकांना सांगतो, तिला वेदीवर उचलून धरा, 'दिकान खिमाइरास', बकरीच्या पिलासारखी. घराण्याला शाप द्यायला नको म्हणून तिचं तोंडही बांधायला लावतो. पुढे तिची आई क्लिटेम्नेस्ट्रा नवऱ्याला मारते आणि उभी राहून शपथ घेते ती 'माझ्या लेकीच्या पुऱ्या झालेल्या दिके'ची. बापाच्या हुकुमात जो शब्द 'सारखी' एवढाच होता, तो आईच्या तोंडी देवता होऊन परततो. 'दिके'ला नुसतं 'सूड' म्हणून मोकळे होणारे इथे अर्धं नाटक गमावतात.

बाई-पुरुषाचा मुद्दा प्रश्नात नाही, पण तो शब्दांतच दडलेला आहे. पहारेकरी प्रेतावर माती पडल्याचं सांगायला येतो तेव्हा क्रेऑन विचारतो 'तिस अँद्रोन', पुरुषांपैकी कोण? बाई असेल हे त्याच्या मनातही येत नाही. मराठीत सहज 'कोणी केलं हे?' असं लिहिलं की हे हरवतं, कारण आपलं 'कोणी' दोघांनाही चालतं. 'कुठल्या पुरुषाने?' असंच लिहायला हवं, कारण पहारेकरी पुढे तिलाच घेऊन येतो आणि म्हणतो, 'ही बघा ती, करणारी.' मग ४८४ व्या ओळीत क्रेऑन चवताळतो: ही सुटली तर मी 'अनेर' नाही, हीच 'अनेर'. अनेर म्हणजे आपला नर, एकाच मुळाचा शब्द. अँटिगनीच्या कबुलीत मात्र मराठी आपल्याला साथ देते. 'मी केलं, नाकारत नाही', यात 'केलं' हे रूप बोलणारी बाई की बुवा ते सांगतच नाही. ती जागा अनुवादकाने जपावी.

निबंधात 'दवंडी' जड वाटली तर 'फर्मान' लिहा, 'हुकूम' लिहा. आणि शेवटाकडे १२७० वी ओळ सोडू नका. मुलाचं प्रेत घेऊन आलेल्या क्रेऑनला वृद्धांचा मेळा म्हणतो, 'ऑप्से तेन दिकेन इदेइन'. बहुतेक अनुवाद 'न्याय उशिरा कळला' म्हणतात. पण 'इदेइन' म्हणजे पाहणं आणि दिके म्हणजे दाखवलेली वाट. मी लिहीन: 'अरेरे, वाट दिसली तुला, पण फार उशिरा.'